सोन्याच्या तोळ्यावर पगार मोजू नका

गेले काही दिवस पुण्यातल्या बऱ्याच फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: 1947 मध्ये एक रुपया म्हणजे एक डॉलर होता. 1970 मध्ये मास्तरांचा पगार 250 रुपये आणि सोनं 184 रुपये तोळा, म्हणजे पगारात तोळाभर सोनं येऊन पैसे उरायचे. आज तोळ्याला लाखाच्या वर लागतात, म्हणजे आपण आजोबांपेक्षा गरीब. महागाईचा सरकारी आकडा खोटा आहे, तेव्हा एफडी मोडा आणि सोनं घ्या. हे वाचून सहकारनगरला राहणाऱ्या माझ्या मावशीने, वय 74, ठेव मोडायचा अर्ज भरून ठेवला. त्यामुळे आता गप्प बसणं शक्य नाही.

डॉलरचं आधी उरकू. 1947 मध्ये रुपया पौंडाला बांधलेला होता. एका पौंडाचे 13 रुपये 33 पैसे आणि 4.03 डॉलर. भागाकार करा, डॉलर 3 रुपये 30 पैशांच्या आसपास येतो. एक रुपया कधीच नव्हता.

सोन्याचा मुद्दा मात्र नीट बघायला हवा, कारण नुकसान तिथे होतंय. 1970 मध्ये सोन्याचा अधिकृत भाव बांधलेला होता. अमेरिकेने तो औंसाला 35 डॉलरवर धरून ठेवला होता आणि ऑगस्ट 1971 मध्ये तो खुंटा उपटला. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याने भाव सुटायच्या जेमतेम आधीचं वर्ष निवडलंय. पुढचा हिशेब आणखी बोलका आहे. 35 डॉलरला 31.1 ग्रॅम (एक औंस) म्हणजे 10 ग्रॅमला सव्वाअकरा डॉलर. 1966 च्या अवमूल्यनानंतर डॉलर साडेसात रुपयांना, म्हणजे 84 रुपये. भारतात मात्र भाव 184! आयात बंद, 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा लागू, सोन्याचं बिस्कीट घरात ठेवणं गुन्हा, आणि तस्करी जोरात. हा काळ स्वस्ताईचा दाखला म्हणून कसा चालेल?

शिवाय मास्तर पगाराचं सोनं खात नव्हते. क्रयशक्ती मोजायची तर घरात रोज लागणाऱ्या वस्तूंवर मोजायची. त्यासाठी केंद्र सरकारच्या श्रम ब्युरोचा औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक आहे; रोजच्या वस्तू किती महागल्या ते तो सांगतो. महागाई भत्ता त्यावरच ठरतो, आणि पुणे हे त्याच्या केंद्रांपैकी एक आहे. त्याचा पाया, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती 100 धरतात ते वर्ष, 1960, 1982, 2001, 2016 असा बदलत गेला; नवा आकडा जुन्या पायावर न्यायचे गुणक 4.93, 4.63 आणि 2.88. तिन्हींचा गुणाकार 65.74. जून 2025 चा निर्देशांक 145, म्हणजे 1960 च्या पायावर सुमारे 9,532. 1970-71 चा होता 186. भागिले तर 51 पट. 250 रुपयांचे जून 2025 मधले सुमारे 12,800 रुपये होतात. आज जिल्हा परिषदेच्या नियमित प्राथमिक शिक्षकाचं सुरुवातीचं मूळ वेतनच 29,200, भत्ते वेगळे. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून 16,000 वर राबणाऱ्यांची स्थिती फारशी सुधारलेली नाही, हे मान्य करावंच लागेल, आणि ते लाजिरवाणं आहे.

दुसरी खूण ताटातली. राष्ट्रीय नमुना पाहणीत 1972-73 मध्ये शहरी घराच्या खर्चातला 64.5 टक्के भाग खाण्यावर जात होता. 2022-23 मध्ये 39 टक्के. त्या काळी आकुर्डीत बनणाऱ्या बजाज स्कूटरसाठी तर पैसे असूनही वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागे.

‘सरकारी आकडा खोटा’ यात अर्धं सत्य आहे. निर्देशांकात घराचं भाडं धरतात, फ्लॅटची किंमत नाही. कोथरूडमध्ये घर घेऊ पाहणाऱ्याला तो आकडा परका वाटणारच. दोन मुलांची इंग्रजी माध्यमाची फी भरणाऱ्या घराची महागाईही सरासरीपेक्षा जास्त असते. स्वतःची काढायची तर गेल्या मार्चची आणि या मार्चची बिलं घ्या: वाणसामान, दूध, गॅस, औषधं, मेंटेनन्स, फी. प्रमाण तेच ठेवा, फक्त दर बदला. बहुतेकांची चूक इथेच होते: नवा एसी बसवल्याने वाढलेलं वीजबिल ते महागाईत धरतात. आणि पाकिटावरचं वजन बघा. किंमत तीच ठेवून ग्रॅम कमी केलेले असतात.

आता एफडी. मुदतीआधी मोडली की जितका काळ ठेवली त्या काळाचा दर मिळतो, आणि बऱ्याच बँका त्यातूनही अर्धा ते एक टक्का दंड कापतात. त्या पैशांचे दागिने केले तर? एक लाखाच्या सोन्यावर 12 टक्के घडणावळ धरा, वर 3 टक्के जीएसटी: 1,15,360 रुपये. दुसऱ्या दिवशी मोडायला गेलात तर सोन्याचेच मिळणार, लाखाच्या आत. भाव 15 टक्के चढेपर्यंत तुम्ही तोट्यात. आणि तो चढेलच असं नाही: 1996 मध्ये 10 ग्रॅमला पाच हजारांच्या वर असलेलं सोनं 2000 मध्ये 4,400 वर होतं. त्याच चार वर्षांत निर्देशांक (1982 चा पाया) 342 वरून 444 वर गेला. दरमहा औषधं घेणाऱ्या माणसाने ती चार वर्षं कशी काढायची? सोनं व्याज देत नाही.

मावशीच्या वयाच्या कुणाला व्याज कमी वाटत असेल तर मुदत संपल्यावर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघावी: एप्रिल 2023 पासून 8.2 टक्के, व्याज दर तिमाहीला, कमाल 30 लाख. मध्येच पैशांची नड आली तर बँकेतली एफडी न मोडता तिच्यावर कर्ज मिळतं, ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याजाने. अर्ज भरून दिला असेल आणि ठेव अजून मोडली गेली नसेल, तर आजच शाखेत जाऊन तो मागे घ्या.