पैसे भरलेत, बिबट्या दाखवा!

केनियातल्या मसाई मारा अभयारण्याला निघालात? छान. यलो फीवरची लस टोचून झाली, ऑनलाइन परवाना हाती पडला, भाकरवडीची पाकिटं वजनात बसली. राहता राहिलं जंगलात वागायचं कसं. ते टूरवाले सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. नुकताच आपल्याच माणसांनी भरलेल्या लँड क्रूझरमधून तिथे हिंडून आलोय आणि कान अजून वाजताहेत, एवढी पात्रता पुरे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा: तुम्ही पैसे भरलेत. जुलै ते डिसेंबर मारात परदेशी पाहुण्याला दिवसाला २०० डॉलर नुसते प्रवेशाचे पडतात. त्यात सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस हे 'बिग फाइव्ह' आलेच, शिवाय कॅमेऱ्याकडे बघून जांभई देणं वगैरे. एखादा गैरहजर राहिला तर तक्रार ड्रायव्हरकडे. (ही पाच नावं शिकाऱ्यांनी काढलेली, पायी माग काढत मारायला सगळ्यात अवघड ती पाच जनावरं. केनियात १९७७ पासून शिकार बंद आहे, याद्यांवर खुणा करणं आपण चालू ठेवलंय.)

फाटक सहाला उघडतं, तुम्ही पावणेआठला या. ऊन चढलं की सिंह झुडपाखाली आडवे होतात म्हणे, पण तुमचा दुसरा चहा व्हायचाय म्हटल्यावर थांबतील.

केनियाच्या अभयारण्यांत एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकला २०२० पासून बंदी आहे, तेव्हा पाण्याच्या बाटल्या बॅगेत थेपल्यांच्या खाली ठेवा.

गाडीचं छत वर उचललं की बुटांसकट सीटवर उभे राहा, शक्यतो दुसऱ्याच्या.

ड्रायव्हरला नाव विचारू नका, 'हॅलो बॉस' पुरे. तिथे गाइडांच्या ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा परीक्षा असतात. त्या दिलेला माणूस तुमच्या वाट्याला आला तर सावध राहा. तो वारुळावर चढून पहारा देणारा टोपी नावाचा कुरंग दाखवेल, सापाला लाथा घालून मारणारा सेक्रेटरी बर्ड दाखवेल, आणि तुमचा अर्धा तास पाखरांत जाईल. उपाय सोपा आहे. दर पाच मिनिटांनी 'लायन? लायन?' विचारत राहायचं. वायरलेसवर स्वाहिलीत 'सिंबा', म्हणजे सिंह, ऐकू आलं की टाळ्या वाजवायच्या.

तरस दिसलं की 'ई' म्हणा आणि गाडी पुढे घ्यायला लावा. ठिपकेवाली तरसं बहुतेक अन्न स्वतः शिकार करून मिळवतात, उलट सिंहच पुष्कळदा त्यांच्या तोंडचं हिसकावतो, असं काहीतरी ड्रायव्हर सांगू लागेल. आपण लहानपणी कार्टून पाहिलेलं असतं, त्याला काय कळतंय!

विल्डबीस्ट, म्हणजे ते दाढीवाले मोठे कुरंग, नदी ओलांडताना पाहायचेत? शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट गवताच्या मागे फिरत असतात, त्यातले मोठाले कळप मारा नदीच्या काठी येऊन तासन्‌तास घुटमळतात, खाली मगरी. अशा वेळी गाडी बरोबर त्यांच्या उतरायच्या वाटेवर लावावी, म्हणजे फोटोत चेहरे येतात. २०२५ साली सेरेंगेटीत काही पाहुणे तर गाड्यांतून उतरून थेट काठावर उभे राहिले. त्यांचा व्हिडिओ जगभर फिरला. प्रसिद्धी आणखी काय वेगळी असते?

आता चित्ता. इथे जरा सविस्तर सांगतो.

मारात मार्जारकुळातल्या प्राण्याभोवती एका वेळी पाचच गाड्या, बाकीच्यांनी लांब थांबून पाळीची वाट बघायची, असा नियम आहे. रस्ता सोडून गवतात गाडी घालायलाही मनाई आहे. आमच्या ड्रायव्हरने तो पाळला, हा त्याचा गुन्हा. समोर चित्त्याची मादी, मागे गवतात तिची पिल्लं, पलीकडे चरणारी थॉमसन गॅझेलं, म्हणजे छोटे कुरंग. त्याने इंजिन बंद केलं आणि हळूच म्हणाला, ती शिकारीला बसलीय, थोडं थांबा. चार मिनिटं झाली नसतील, मागच्या सीटवरचे काका सुरू: "अहो, ती पांढरी गाडी बघा कुठवर गेली! आपणच मागे का? आपण काय कमी पैसे भरलेत?" वहिनींनी चिवड्याचं पाकीट फोडलं. कोणीतरी सुचवलं, टिप देणार नाही सांगा त्याला. काकांनी ते लगेच इंग्रजीत सांगितलं. ड्रायव्हर आरशातून आमच्याकडे बघत राहिला आणि मग गाडी त्याने गवतात घातली.

आम्ही घातली तशी सगळ्यांनी घातली. नवरदेवाच्या घोड्याभोवती वरात जमावी तसा गाड्यांचा गराडा पडला. कुणाचा फोन वाजला, कुणी "इकडे बघ, इकडे बघ" म्हणून शिट्टी मारली. चित्त्याला! गॅझेलं उधळली. मादी गवतात बसून राहिली. आणि काका म्हणाले, "चला, ही काहीच करत नाहीये. बिबट्या बघू."

काहीच करत नाहीये? अहो, ती करणार होती, तुम्ही करू दिलं नाहीत! रात्रीचं रान सिंहांचं आणि तरसांचं, म्हणून हा प्राणी दिवसाढवळ्या शिकार करतो, नेमका तुम्ही टोपी घालून बाहेर पडता त्या वेळी. त्याचा वेग काही शे मीटर टिकतो, मग धाप लागते. धाप ओसरेपर्यंत तरस आलं तर मारलेलं सोडून निघून जायचं. अशा आईची एक शिकार हुकली तर पिल्लं तेवढा वेळ उपाशी. २०१८ साली मसाई मारातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे पर्यटक कमी, तिथे चित्त्याच्या मादीची दर खेपेला सरासरी दोनाहून जास्त पिल्लं मोठी होतात. जिथे गाड्यांची झुंबड, तिथे पाच खेपांत मिळून जेमतेम एक. आपल्याकडचे चित्ते संपवून झाले, १९५२ साली तसं जाहीरही झालं. आता विमानाचं तिकीट काढून दुसऱ्यांच्या देशात तेच करायला निघालोय. मी काकांना एवढंच म्हटलं की जरा शांत बसू या. तर म्हणाले, "तुम्ही फार सीरियस घेता बुवा. एन्जॉय करा!"

आणि हे आफ्रिकेत गेल्यावरच सुचतं असंही नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला नागपूरजवळच्या उमरेड-करांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना पुढून-मागून जिप्सी लावून कोंडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. निलंबित कोण झाले? जिप्सीचालक आणि गाइड.

हेच तर चीड आणणारं आहे. गाडी गवतात घालायला लावता तुम्ही, दंड भरतो तो. तुमच्या टिपेवर त्याचा महिना चालतो हे तुम्हाला नीट ठाऊक असतं, म्हणूनच ती धमकी म्हणून वापरता. वर घरी येऊन सांगता, तिथले ड्रायव्हर काही नियम पाळत नाहीत हो. लाज वाटली पाहिजे. जनावर दिसणं हा तुमचा हक्क नाही, तिकिटावर तसं कुठेही छापलेलं नसतं. तोंड बंद ठेवता येत नसेल, अर्धा तास एका जागी बसवत नसेल, तर प्राणिसंग्रहालयात जा, तिथे पिंजऱ्याला नाव आणि नंबर दोन्ही असतात. जायचंच असेल तर फोनचा आवाज बंद करा, खाणं हॉटेलवर ठेवा, आणि पाच गाड्या आधीच उभ्या असतील तर 'आपण थांबू' हे ड्रायव्हरने म्हणायच्या आत तुम्ही म्हणा. टिप मात्र द्या. तुम्हाला तोंडावर 'नाही' म्हणणारा ड्रायव्हर भेटला तर दुप्पट द्या.