कूलरचं पाणी वेगळं, कॉम्प्युटरचं पाणी वेगळं

गेल्या आठवड्यात भाच्याने एक मेसेज पाठवला. संध्याकाळपर्यंत तोच मेसेज मला आणखी तीन ग्रुपवर दिसला. मजकूर साधारण असा: "नागपूरकरांनो, ४५ डिग्रीत तुमचा पीसी भाजून निघून राहिला. हवेचा फॅन इथे कामाचाच नाही. कस्टम वॉटर कूलिंग लावा, पीसी खोलीपेक्षा थंड राहील आणि खोलीही तापणार नाही. जुन्या कूलरचा पंप, गाडीचा रेडिएटर, आरओचं पाणी, दोन हजारांत काम. एकदा भरलं की पाच वर्षं बघायचं नाही." खाली फोटो: झाकण काढलेली कॅबिनेट, थेट डेझर्ट कूलरच्या तोंडासमोर. भाच्याने वर एवढंच लिहिलं होतं, "मामा, करायचं का?"

माझ्या टेबलाशेजारी तीन उन्हाळे वॉटर कूलिंगवरच चालणारा पीसी उभा आहे. जुनी लोखंडी कॅबिनेट आणून तिचं डोकं मीच कापलं. म्हणजे या छंदाशी माझं भांडण नाही. भांडण या मेसेजशी आहे, कारण तो वाचून कोणीतरी खरंच कूलरचा पंप ग्राफिक्स कार्डाला जोडेल.

"खोलीपेक्षा थंड" हा दावा आपल्याकडे इतक्या सहज का पटतो, ते मला कळतं. एप्रिल लागला की लोखंडी कूलर गच्चीवरून खाली येतो, नव्या ताट्या बसतात, बादलीने टाकी भरली की अर्ध्या तासात खोली गार. पाणी म्हणजे गारवा, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. पण कूलरमध्ये पाणी नुसतं फिरत नाही, ते उडून जातं. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतून सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता ओढून नेतं, म्हणजे विजेच्या हिशेबात सुमारे दोन तृतीयांश युनिट. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत ४४ अंशांची झळ ताटीतून तिशीच्या आसपास होऊन बाहेर पडते, ती याच जोरावर. टाकी दिवसातून दोनदा भरावी लागते ती त्यामुळे, आणि जुलैत दमट हवा आली की तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो तोही त्यामुळे.

कॉम्प्युटरचा लूप मात्र बंद असतो. पंप, प्रोसेसरवरचा तांब्याचा ब्लॉक (आतून पाणी जाणारा ठोकळा), ग्राफिक्स कार्डवरचा ब्लॉक, रेडिएटर आणि पुन्हा पंप. वाफ होऊन उडायला वाटच नाही. पाणी इथे निव्वळ हमाली करतं: चिपपाशी उष्णता उचलायची, रेडिएटरपाशी उतरवायची. तिथे पंखे जी हवा मारतात ती तुमच्या खोलीचीच. खोली ४२ वर असेल तर पाणी ४२ च्या खाली जाईल कसं?

थोडा हिशेब करू. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरतंय आणि प्रोसेसर-कार्ड मिळून ४०० वॅट उष्णता टाकताहेत असं धरलं, तर एका फेरीत पाणी जेमतेम दीड अंश तापतं. म्हणून आधी रेडिएटर की आधी ब्लॉक, यावर तासन्‌तास वाद घालण्यात अर्थ नाही. महत्त्वाचा आकडा वेगळा आहे: पाणी खोलीपेक्षा किती वर स्थिरावतं. पुरेसे रेडिएटर लावले तर साधारण दहा अंश. डिसेंबरात खोली २२ वर, पाणी ३२ वर. नवतपात खोली ४२ वर, पाणी ५२ वर. चिप त्याच्याही वीस-पंचवीस अंश वर. खोली एक अंश चढली की चिपही जवळपास एक अंश चढते, चिपवर हवेचा कूलर असो की पाण्याचा.

आता "हवेचा फॅन इथे कामाचाच नाही". काहून नाही? बाहेर ४५ म्हणजे खोलीत ४५ नव्हे, हे एक. (४५ हा आकडा तरी खरा असतो. मे २०२४ च्या अखेरीस आपल्याकडच्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले आणि देशभर फिरले, पुढे हवामान खात्याने तो सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं.) दुसरं असं, की इंटेलचे बरेच डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांपर्यंत आणि रायझन ७००० मालिकेतले ९५ पर्यंत चालायला बनवलेले आहेत. त्यापलीकडे ते आपणहून वेग कमी करतात, जळत नाहीत. चांगला दोन मनोऱ्यांचा हवेचा कूलर (चिपवर बसणारे पातळ पत्र्यांचे दोन उभे गठ्ठे आणि पंखा) २८ अंशांच्या खोलीत चिप ७० वर ठेवत असेल, तर ४२ च्या खोलीत ती ८४ वर राहील. आवाज वाढेल, काम थांबणार नाही. आणि गंमत अशी, की त्या हवेच्या कूलरच्या तांब्याच्या नळ्यांत बहुतेक वेळा पाणीच असतं, चमचाभरही नाही. निर्वात नळीत ते खाली उकळतं, वर जाऊन थंड होतं आणि आतल्या जाळीतून परत येतं. म्हणजे ज्याला मेसेज "हवेचा फॅन" म्हणतो, तोच आतल्या आत पाण्याची वाफ करतो.

"खोलीही तापणार नाही" याला दोन ओळी पुरेत. ५०० वॅट भिंतीतून घेतले की ५०० वॅट खोलीतच उतरतात. रेडिएटर त्यांना खिडकीबाहेर नेऊन टाकत नाही. दोन तास गेम खेळलात, एक युनिट हीटर लावलात.

खरा घात पुढच्या ओळीत आहे. कूलरचा पंप २३० व्होल्टवर चालतो आणि पाण्यात बुडवलेला असतो. त्याचं वेष्टण जुनं झालं की टाकीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. तेच पाणी तुम्ही मदरबोर्डवरून फिरवणार? शिवाय तो पंप पाणी दीड-दोन मीटर उचलून ताट्यांवर सोडण्यापुरता बनवलेला. ब्लॉकच्या आतले चर केसाइतके बारीक असतात, त्यातून पाणी ढकलायला दाब लागतो. यासाठीचे डी-५ जातीचे पंप १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांचा हेड, म्हणजे पाणी उचलायची उंची, पावणेचार मीटरच्या पुढे असतो.

गाडीच्या रेडिएटरमागे मात्र खरा इतिहास आहे. २००० च्या आसपास, तयार सामान मिळत नव्हतं तेव्हा, अमेरिकेतले हौशी लोक जुन्या पाँटियाक बॉनव्हिल गाडीच्या हीटरची कोर भंगारातून आणून लावायचे. ती तांब्या-पितळेची होती, म्हणून जमलं. आजच्या गाड्यांत अॅल्युमिनियम असतं. तांब्याचा ब्लॉक आणि अॅल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात ठेवले की तुम्ही बॅटरी बनवलीत. अॅल्युमिनियम हळूहळू खात जातं आणि त्याचा गाळ ब्लॉकच्या चरांत जाऊन बसतो. गाडीत चालतं कारण तिथल्या कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात. तुमच्या आरओच्या पाण्यात ती कुठून येणार?

आरओचं पाणी पिण्यालायक असतं, म्हणजेच त्यात थोडे क्षार शिल्लक असतात. तेवढे क्षार ब्लॉकमध्ये पांढरा थर धरायला आणि वीज वाहून न्यायला पुरतात. लूपमध्ये डिस्टिल्ड पाणी, त्यात शेवाळ आणि गंज रोखणारं औषध, किंवा तयार कूलंट. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते पाणी आरओपेक्षा बरं, पण औषध न घालता तेही नको.

"पाच वर्षं बघायचं नाही" हे वाचून मला हसू आलं, कारण मी चौदाव्या महिन्यातच आपटलो होतो. पहिल्यांदा हौसेने दुधासारखं पांढरं कूलंट भरलं. दिसायला फर्स्टक्लास. दुसऱ्या उन्हाळ्यात प्रोसेसर एकदम बारा अंशांनी वर. ब्लॉक उघडला तर चरांमध्ये खोबऱ्याच्या चटणीसारखा साका. जुन्या टूथब्रशने आणि गरम पाण्याने घासत रविवार गेला. ते रंगीत अपारदर्शक द्रव म्हणजे पाण्यात तरंगणारे कण, ते कधीतरी बसणारच. आता साधं पारदर्शक वापरतो, आणि दर फेब्रुवारीत, कूलर खाली उतरवायच्या आधी, लूप रिकामा करून नवं भरतो.

नागपूरच्या उन्हाची एक खरी अडचण या मेसेजमध्ये नेमकी नाहीच. कडक पारदर्शक नळ्यांत पीईटीजी प्लास्टिकची स्वस्त आणि वाकवायला सोपी, म्हणून नवखे तीच घेतात. ती ६० अंशांच्या आसपास नरम पडू लागते, आणि जोडांपाशी नरम पडली की निसटते. पुण्यात पाणी ४० वर फिरत असेल तर काही बिघडत नाही. आपल्याकडे ५२ चा हिशेब वर केलाच आहे; रेडिएटर धुळीने चोंदला तर ६० लांब नाही. अॅक्रिलिक घ्या, नाहीतर सरळ ईपीडीएमची काळी रबरी नळी. दिसायला पंक्चरवाल्याच्या दुकानातली वाटते, पण मी तीच ठेवली आहे.

त्या फोटोतल्या कूलरबद्दल मात्र मेसेज अर्धा बरोबर आहे, मान्य करतो. कूलरची हवा ३० अंशांची असेल आणि पीसी तीच ओढत असेल, तर सगळं दहा-बारा अंशांनी खाली येतं. दव साचायची भीतीही नाही, कारण आतला कुठलाच भाग त्या हवेपेक्षा थंड नसतो. नडतात ते कूलरने फेकलेले तुषार. बोअरचं पाणी असेल तर ताट्यांवर पांढरी खरवड धरते ना, तेच क्षार तुषारांबरोबर बोर्डवर बसतात. कूलर खोलीसाठी लावा, पीसी त्याच्या झोतापासून बाजूला, झाकण लावून ठेवा.

मग मी तरी एवढा खटाटोप का केला? आवाजासाठी. ग्राफिक्स कार्डचे तीन छोटे पंखे मे महिन्यात मिक्सरसारखे ओरडायचे. आता दोन मोठे रेडिएटर आणि सहा संथ पंखे आहेत, रात्री कूलर बंद केल्यावरच ते ऐकू येतात. आणि हो, कापाकापीच्या हौसेसाठी. ३६० चा रेडिएटर म्हणजे १२० मिलिमीटरच्या तीन पंख्यांची रांग. रेडिएटर ३० मिलिमीटर जाड, वर पंखा २५, म्हणजे छताखाली साडेपाच सेंटीमीटर जागा हवी, आणि खाली रॅम डोकं वर काढून बसलेली. दोनदा मोजूनही मी पहिलं भोक चार मिलिमीटर चुकवलं; त्यावर आता एक काळी पट्टी आहे. सगळा खर्च तीस हजारांच्या वर गेला, तोही रेडिएटर जुन्या बाजारातून घेऊन.

पाणी भरल्यावर मदरबोर्डला वीज द्यायची नाही, फक्त पंप चालवायचा. पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या जोडात जम्पर प्लग लावला की तो बोर्डाशिवाय सुरू होतो. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर, आणि चोवीस तास तसंच. सतराव्या तासाला एका कोपऱ्याच्या फिटिंगखाली मला रुपयाएवढा ओला डाग दिसला. फिटिंग हाताने आवळायची असते, मी पान्याने आवळली होती आणि आतली रबरी रिंग चिरली होती. दहा रुपयांची रिंग. बोर्डाला वीज दिली असती तर हिशेब वेगळा झाला असता.

भाच्याचा प्रोसेसर मध्यम आहे, कार्ड जुनं, खोली वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली. रात्री दहालाही भिंती गरम. त्याला मी दोन मनोऱ्यांचा हवेचा कूलर आणि पुढे दोन पंखे घ्यायला सांगितले. बर्डीच्या बाजारात जाऊन घेऊन आला. पोट्ट्याचं तोंड जरा उतरलं होतं, म्हणून कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा कापून जाळी बसवायचं ठरलं आहे. रविवारी जिगसॉ घेऊन जातो. त्याआधी बोर्ड, कार्ड, सप्लाय सगळं बाहेर काढून पलंगावर ठेवून दे म्हटलं, लोखंडाचा कीस कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही.