एक वाटी भात

मधुमेह जडल्याचे कळले की साखर सोडावी लागते, हे सर्वांना ठाऊक असते. मोजायलाही शिकावे लागते, हे मात्र आधी कोणी सांगत नाही. साखर सोडणे त्यामानाने सोपे. आठवडाभर चहा पिताना तोंड वाकडे होते आणि मग जीभ निमूटपणे वळणावर येते. मोजण्याचे तसे नाही. ज्या घरात मीठ अंदाजाने, तिखट चवीने आणि पाणी लागेल तसे पडते, त्या घरात एके दिवशी आहारतज्ज्ञ बाईंचा छापील कागद येतो आणि त्यावर लिहिलेले असते : दुपारी दोन मध्यम पोळ्या, एक वाटी भात, एक वाटी उसळ, कोशिंबीर हवी तेवढी.

हा कागद फ्रिजच्या दारावर चिकटला आणि आमच्याकडे वाटीचा वाद उभा राहिला. रोजच्या आमटीची वाटी चांगली ऐसपैस आहे. आहेरात आलेल्या वाट्या तोंडाशी रुंद आणि बुडाशी निमुळत्या असल्यामुळे भरल्यासारख्या दिसतात, पण त्यांत फारसे काही मावत नाही. श्रीखंडाची वाटी त्यांच्याहून लहान, आणि नैवेद्याची चांदीची वाटी तर इतकी चिमुकली, की देवालाही कोणीतरी पथ्य सांगितले असावे अशी शंका यावी. माझे मत अर्थातच आमटीच्या वाटीला पडले. पत्नीने काही न बोलता देवघरातून चांदीची वाटी आणून माझ्या ताटात ठेवली. अखेर मुलीने औषधाच्या मापाने पाणी ओतून सर्व वाट्यांची मोजदाद केली आणि आहारतज्ज्ञ बाईंना फोन लावला. ‘‘साधारण दीडशे मिलीची वाटी धरा,’’ असे त्या म्हणाल्या. नेमकी तेवढीच वाटी घरात नव्हती. ती विकत आणायला गेलो, तेव्हा दुकानदाराने यंत्राची सुई सरसावत सवयीने विचारले, ‘‘नाव काय घालायचं?’’ रोगाचे नाव घालावे असे क्षणभर मनात आले होते.

वाटी ठरली तरी भात ठरला नव्हता. आपल्याकडे भात वाटीत वाढत नाहीत, वाटीने वाढतात. आणि मूद सुबक पडायची तर भात दाबूनच भरावा लागतो. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात, हे मी एव्हाना पाठ केले होते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोकळ्या भाताची वाटी आणि दाबलेल्या मुदीची वाटी एकामागोमाग एक ठेवून पाहिली, तेव्हा दोहोंत भरला तो फरक जवळजवळ एका फुलक्याच्या कर्बोदकांइतका होता. म्हणजे केवळ सौंदर्यदृष्टीपायी आपण रोज एक फुलका जास्त खातो. ‘मध्यम पोळी’च्या वादात मी शिरलो नाही. पोळी लाटणाऱ्या व्यक्तीशी तिच्या आकारावरून हुज्जत घालण्याइतका माझा आजार बळावलेला नाही.

खरी पंचाईत एकादशीला झाली, कारण त्या कागदावर उपवासाचा रकानाच नव्हता. साबुदाणा म्हणजे कसावाच्या कंदातला जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात बटाटा घालून, वर दाण्याचे कूट पेरून आपण त्याला संयम म्हणतो. कसावा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही चारही मंडळी मुळात अमेरिका खंडातली. ती आपल्या एकादशीला चालतात आणि शेतातली ज्वारी चालत नाही, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असे म्हणणाऱ्यांनी निदान पट तरी मोजले होते. घरात त्या दिवशी खिचडीला कोणतेही माप लागू नव्हते, कारण उपवासाचे अन्न हे अन्न नव्हेच, अशी सर्वांची श्रद्धा होती.

माझ्या ग्लुकोमीटरची मात्र कशावरच श्रद्धा नाही. बोट मधोमध न टोचता कडेला टोचावे, म्हणजे कमी दुखते, एवढी एक सवलत सोडली तर हे यंत्र निष्ठुर आहे. जेवायला बसल्यापासून दोन तासांनी आकडा १८०च्या आत असावा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे; खिचडीनंतर तो तिथे थांबत नाही. त्याहून अन्याय सकाळी होतो. रात्रभर पाण्याखेरीज काही पोटात गेलेले नसतानाही पहाटेचा आकडा झोपतानाच्या आकड्यापेक्षा चढलेला असतो. पहाटे शरीरातली काही संप्रेरके वाढतात आणि यकृत आपणहून साखर रक्तात सोडू लागते, असे डॉक्टर म्हणतात. घरातल्यांनी एवढे मोजूनमापून वाढावे आणि आतल्याने न विचारता सढळ हाताने वाटप करावे, याला काय म्हणावे?

मापावर विश्वास नसलेला एक मोठा पक्ष नातेवाइकांत असतो. आमच्या आत्याच्या मते गूळ साखरेत धरतच नाहीत. ‘‘अरे, गूळ औषधी असतो. तुझे आजोबा रोज गूळ-पाणी घ्यायचे,’’ असे ती ठासून सांगते. गुळातही बहुतांश सुक्रोजच असते, हे मी तिला सांगून पाहिले. त्यावर तिने कारल्याच्या रसाचा पेला पुढे केला आणि ‘‘मग हा घे, म्हणजे गूळ बाधणार नाही,’’ असा तोडगा काढला. जमाखर्चाची ही पद्धत आमच्या घराण्यात फार जुनी आहे.

किती खावे हे ठरते न ठरते तोच, किती वेळा खावे हा वाद दारात उभा असतो. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच, तेही ५५ मिनिटांच्या आत जेवायला सांगतात, तर ऋजुता दिवेकर दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खावे म्हणतात. मराठी घरांत या प्रश्नावर निवडणुकीपेक्षा जास्त तट पडले आहेत. माझा साडू पहिल्या पक्षात आहे, मेव्हणी दुसऱ्या. दोघांकडे एकाच दिवशी गेलो की एकाच्या घरी उपाशी राहतो आणि दुसरीच्या घरी बशी रिकामी होऊ देत नाहीत. माझ्या डॉक्टरांना विचारले, तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी गोळ्या कोणत्या चालू आहेत ते दाखवा, असे ते म्हणाले. वादात पडलेल्या माणसाला इतका नीरस मुद्दा सुचत नाही.

हल्ली मला सर्वांत उपयोगी पडलेला नियम मापाचा नसून क्रमाचा आहे : आधी कोशिंबीर, भाजी आणि उसळ खावी, पोळी-भात शेवटी, म्हणजे साखर एकदम उसळत नाही. घरी हे जमते. पंगतीत हा उघड बंडखोरपणा ठरतो. आपल्या ताटात वरणभाताची मूद सर्वांत आधी पडते, तुपाची धार तिच्यावर लगोलग येते, आणि शेवटाला ताकभात ठरलेलाच असतो. गेल्या महिन्यात एका लग्नात मी मुदीला स्पर्श न करता काकडीची कोशिंबीर खात बसलो. वाढप्याने ती संपलेली पाहून पुन्हा वाढली, मग आवडली असावी अशा समजुतीने तिसऱ्यांदा वाढली. तुपाचे भांडे घेतलेल्या बाई ‘‘भाताला काय झालं?’’ असे दोनदा विचारून गेल्या. एवढ्यात खुद्द वधूपिता जिलब्यांचे ताट घेऊन आग्रहाला आले. मी ताटावर दोन्ही हात आडवे धरून, आवाज शक्य तितका खाली आणून, मला मधुमेह असल्याचे सांगितले.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, त्यामुळे या वाक्याने समोरचा माणूस दचकेल अशी अपेक्षा ठेवणे मुळातच चूक होते. ‘‘अहो, मलाही आहे,’’ असे म्हणत त्यांनी माझ्या बोटांच्या फटीतून एक जिलबी अलगद ताटात सोडली, ताट डाव्या हातावर तोलले आणि माझ्या कानाशी वाकून आपुलकीने विचारले, ‘‘तुमची गोळी पाचशेची की हजाराची?’’