फिनॉम, सीजे आणि माझं ‘रडगाणं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा उत्तर लिहायला बसलो, आणि तिसऱ्यांदा कळलं की तुमचा एक मुद्दा बिनतोड आहे. त्याची कबुली आधीच देऊन टाकतो, म्हणजे बाकीच्यांवर मोकळेपणी भांडता येईल.

मागचा लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: चार्टर कंपनीत, म्हणजे भाड्याने विमान देणाऱ्या कंपनीत, पायलट होतो त्या दिवसांबद्दल लिहिताना मी एम्ब्राएरच्या फिनॉम १०० या छोट्या जेटला ‘खेळण्यातलं विमान’ म्हणालो होतो आणि सेसनाच्या सायटेशन सीजे२+ चं कौतुक केलं होतं. त्यावर ‘एक निवृत्त कॅप्टन’ या नावाने तुम्ही विचारलंत की फिनॉमवर तुमचे उड्डाणाचे तास किती? कमी धावपट्टीत उतरणाऱ्या, नव्या कॉकपिटच्या विमानाला नावं ठेवायची आणि जुन्याला डोक्यावर घ्यायचं, याला तुलना म्हणतात का? वेगातला फरक दिसतो, तोही तुम्ही नीट मांडला नाही. आणि लेखाचा उरलेला अर्धा भाग म्हणजे निव्वळ रडगाणं. महिन्यात दहा दिवस उडायचं, पंचतारांकित हॉटेलात झोपायचं, तरी कुरकुर.

तर तास. सीजेवर साधारण चौदाशे, फिनॉमवर जेमतेम दोनशे. हे मी लेखात लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. आमच्या कंपनीत फिनॉम आलं तेव्हा माझा हात सीजेवर पक्का बसला होता. नव्या घरात पहिले काही महिने दिव्याचं बटण सापडत नाही, तसं माझं झालं आणि मी दोष घराला दिला. फिनॉमचं गार्मिन कंपनीचं कॉकपिट सीजेच्या प्रोलाइन कॉकपिटपेक्षा डोळ्यांना सुटसुटीत आहे, हे तुमचं म्हणणं मान्य. मागच्या टॉयलेटला नीट दार आहे, हेही मान्य. सीजेच्या तुलनेत बायका-मुलांसह प्रवास करणारे पॅक्स, म्हणजे प्रवासी, त्या एका दारावर खूश असायचे.

आता वेगाचं बघू. फिनॉम १०० जास्तीत जास्त ३९० नॉट, म्हणजे तासाला ३९० नॉटिकल मैल, सीजे२+ ४१८. मुंबई-दिल्ली सरळ रेषेत धरलं तर सव्वासहाशे नॉटिकल मैलांच्या आत येतं. करा भागाकार: फरक पडतो सहा-सात मिनिटांचा. मुंबईला परत येताना संध्याकाळच्या गर्दीत आम्हाला कधी वीस, कधी चाळीस मिनिटं घिरट्या घालत ठेवायचे. मोठ्या एअरलाइन्सच्या रांगेत छोट्या जेटला कोण विचारतो? त्या चाळीस मिनिटांपुढे तुमच्या २८ नॉटचं काय करायचं? म्हणून मी वेग मांडला नाही. विसरलो नव्हतो, सर.

मला फरक जाणवला तो दुसऱ्याच दोन ठिकाणी. एक, पल्ला. मुंबई-गुवाहाटी अकराशे नॉटिकल मैलांच्या थोडं वर. फिनॉम १०० चा जाहिरातीतला पल्ला चार माणसं धरून ११७८, आणि त्या चारांत पायलटही आले. दोन आम्ही, चार पॅक्स आणि त्यांच्या बॅगा म्हटलं की नागपूरला उतरून इंधनाच्या बाउझरची वाट बघणं आलंच. सीजे हेच अंतर एका दमात काढायचं. हलकं जेट कुठलंही असो, टाकी काठोकाठ भरली की माणसं किंवा सामान कमी करावं लागतं, हे आपल्याला ठाऊक असतं, विमान भाड्याने घेणाऱ्याला नसतं. मे महिन्यात कोकणातून आंब्याच्या पेट्या घेऊन येणारे एक गृहस्थ होते. वजनाचं गणित कागदावर मांडून दाखवलं की ते शांतपणे म्हणायचे, “पेट्या राहू देत, माझ्या मेहुण्यालाच उतरवा.”

दुसरं ठिकाण म्हणजे धावपट्टी, आणि इथे मात्र मी माघार घेणार नाही. उतरून थांबायला लागणाऱ्या अंतराचा पुस्तकातला आकडा फिनॉमचा कमी आहे, खरं आहे. पण तो आकडा कोरड्या धावपट्टीचा असतो. भाड्याच्या जेटला उपलब्ध लांबीच्या साठ टक्क्यांत थांबता आलं पाहिजे, आणि धावपट्टी ओली असेल तर वर आणखी पंधरा टक्के. समजा पुस्तक म्हणतं ८०० मीटर. कोरड्यात लागतात १३३३, ओल्यात १५३३. कोल्हापूरची जुनी धावपट्टी, वाढवण्याआधीची, चौदाशे मीटरच्या आतली, आणि जागा समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आसपास, म्हणजे थांबायला अंतर आणखी थोडं जास्त. म्हणजे मार्चमध्ये जमणारं उड्डाण जुलैमध्ये कागदावरच मरायचं, विमान कुठलंही असो. मालकांना हे पटवणं हे आमच्या नोकरीतलं सगळ्यात अवघड लँडिंग.

आणि जिथे कागद ‘हो’ म्हणतो, तिथे प्रश्न उरतो पायाचा. फिनॉमचे ब्रेक बाय-वायर. पेडल दाबलं की विजेतून निरोप जातो, चाकाकडून पायाला उलट काही कळत नाही. पहिल्या फिनॉमना पंखांवर उचल मारणारे स्पॉयलर नव्हते, ते पुढच्या आवृत्तीत आले. इंजिनाचा जोर उलटा वळवणारे रिव्हर्सर दोन्ही विमानांना नाहीत. सीजेमध्ये जमिनीवर टेकल्यावर पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप साठ अंशांपर्यंत खाली घेता येतात, पंखाची उचल मरते आणि वजन चाकांवर येतं. इंजिनांच्या मागची दोन पॅडल्स उरलेला जोर अडवतात. ओल्या धावपट्टीवर या दोन गोष्टी मला हव्या असायच्या. ‘खेळण्यातलं’ हा शब्द चुकला, पण त्यामागची भीती खरी होती.

आता रडगाणं.

महिन्यात दहा दिवस उडतो, हे खरंच. उरलेले वीस दिवस कुठे असतो ते सांगतो. फोनच्या शेजारी. रात्री अकराला डिस्पॅचचा, म्हणजे उड्डाणं ठरवणाऱ्या विभागाचा, फोन: “सर, सकाळी सहाला.” कुठे? “अजून नक्की नाही सर.” पाचला विमानतळावर, श्वासाची चाचणी, इंजिनाची आणि वेग मोजणाऱ्या पिटो नळीची कव्हरं काढायची, बर्फ, वर्तमानपत्रं, डबे. एअरलाइनमध्ये हे पाच जणांचं काम, आमच्याकडे एका को-पायलटचं. पावसात पॅक्सच्या बॅगा विमानाच्या नाकातल्या कप्प्यात कोंबताना पांढरा शर्ट भिजतो आणि मग तोच शर्ट घालून ‘वेलकम अबोर्ड’ म्हणायचं.

मुंबईत रात्री पार्किंगला जागा मिळत नाही, म्हणून पॅक्सना सोडून रिकामं विमान घेऊन पुण्याला किंवा अहमदाबादला जायचं आणि सकाळी त्यांना घ्यायला परत यायचं. त्या रिकाम्या उड्डाणांत माझी अर्धी लॉगबुक भरली आहे.

हॉटेलबद्दल. मुक्काम दिल्लीला किंवा हैदराबादला असला तर हॉटेल खरोखर उत्तम असायचं, नाकारत नाही. पण मराठवाड्यातल्या एका गावाला आम्ही निवडणुकीच्या दिवसांत एका साहेबांना सभेसाठी घेऊन सकाळी दहाला पोचलो. तिथे रात्रीच्या उड्डाणाची सोय नव्हती, सूर्यास्ताआधी निघणं भाग. साहेब सभेवरून ‘निघाले’ असा निरोप चारला आला, पुन्हा पाचला आला, साडेपाचलाही आला. सूर्य मावळला. गाड्यांचा ताफा सव्वासातला आला आणि साहेबांच्या सचिवाने मला विचारलं, “दिवे तर लागलेत ना विमानाचे?” ती रात्र आम्ही एस.टी. स्टँडसमोरच्या लॉजवर काढली. पंखा एकाच वेगावर फिरायचा, तोही फिनॉमपेक्षा कमीच. साहेब गाडीने मुंबईला गेले. विमान आम्ही सकाळी रिकामं आणलं.

हे सगळं मी तक्रार म्हणून लिहिलं होतं का? थोडंफार, हो. पण विमानांची तुलना करताना ते बाजूला कसं ठेवू? दिवसातले दोन तास हवेत आणि दहा तास एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, घालवणारा माणूस जेट निवडताना केबिनची उंचीही बघतो आणि स्ट्रेचर कोणत्या दारातून आत जातं तेही बघतो. आम्ही पेशंटही न्यायचो. सीजेच्या दारातून स्ट्रेचर तिरकं करून आत घ्यायला चार माणसं लागायची, आणि सलाइनची बाटली धरायला पाचवा. वेगाच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नसतो.

लेखातून ‘खेळण्यातलं’ काढलं आहे, सुरुवातीला दोन्ही विमानांवरचे तास लिहिले आहेत आणि वेगाचा भागाकारही टाकला आहे. ब्रेकचा परिच्छेद तसाच ठेवतो. तुम्ही फिनॉमवर पावसाळा काढला असेल, तर ओल्या धावपट्टीवर पाय कसा ठेवायचात ते सविस्तर लिहा. तुमच्या नावाने, नाहीतर ‘एक निवृत्त कॅप्टन’ म्हणूनच, लेखाखाली जोडतो.