दुबईला पावणेदोन तास, परतताना साडेचार तास?

रत्नागिरी, खेड, दापोली या भागांत आखातात नोकरी करणाऱ्यांची घरे गावोगाव असल्याने तेथील व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश वारंवार फिरतो. त्यात म्हटले आहे की, मुंबईहून दुबईला विमान पावणेदोन तासांत पोचते आणि परतताना साडेचार तास घेते, कारण पृथ्वी पूर्वेकडे फिरत असल्यामुळे जाताना दुबईच विमानाकडे सरकत येते. शिवाय 1,930 किलोमीटरना ताशी 850च्या वेगाने सव्वादोन तास पुरेत, वरचा वेळ कंपन्या उगाच वाढवून दाखवतात.

पहिला मुद्दा घड्याळाचा आहे. तिकिटावर सुटण्याची आणि पोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणची असते, आणि दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. मुंबईहून सकाळी 10 वाजता निघालेले विमान तिथल्या पावणेबाराला उतरले, तेव्हा आपल्याकडे सव्वा वाजलेला असतो. म्हणजे प्रवास सव्वातीन तासांचा झाला. परतीच्या साडेचार तासांतून तोच दीड तास वजा केला की तीन तास उरतात. जाताना वेळ कमी नव्हे, उलट थोडा जास्तच लागतो.

आता पृथ्वीच्या फिरण्याविषयी. रत्नागिरीच्या अक्षांशावर जमीन पूर्वेकडे सेकंदाला चारशे मीटरांहून अधिक सरकते. हवा जर तिच्याबरोबर फिरत नसती आणि जमिनीवरून उचललेली वस्तू मागेच राहत असती, तर मांडवीच्या जेट्टीवर उडी मारणारा मुलगा थेट समुद्रात पडला असता. तो जागच्या जागी उतरतो, कारण तो, जेट्टी आणि भोवतालची हवा एकाच गतीने फिरत असतात. विमानही त्याच हवेत उडते. जाण्यायेण्यात जो थोडा फरक उरतो तो वाऱ्याचा, आणि खारे व मतलई वारे ओळखून होडी हाकणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून वेगवान झोत वाहतो, आणि त्या ऋतूत या मार्गावरचे वारेही बहुधा पश्चिमेचेच असल्याने ते जाताना समोरून आणि येताना पाठीमागून लागतात. पावसाळ्यात तो झोत हिमालयापलीकडे सरकतो आणि फरकही घटतो. कारण पृथ्वीचे फिरणे असते, तर तो बाराही महिने सारखाच राहिला असता, कारण पृथ्वी काही पावसाळ्यात मंदावत नाही.

राहिला वाढवलेल्या वेळेचा आरोप. ताशी 850 हा वेग विमान उंचीवर स्थिरावल्यानंतरचा आहे, तर तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर लागेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंतची चाल, चढण, उतरण आणि उड्डाणाच्या रांगेतील प्रतीक्षा येते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी त्यांतील एकच वापरली जाते. तिथली रांग ही कंपनीची लबाडी नव्हे.