वजन, कळा आणि चौदा तास : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

औषधाने कळा आणण्यावर आईच्या वजनाचा काय परिणाम होतो, या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. लेख जाड स्त्रीलाच दोषी धरतो, हा पहिला; आणि कळा आणूनही सिझर होण्याची शक्यता इतकी असेल तर तिचे थेट सिझरच का करू नये, हा दुसरा. कळा आणण्याचे जेल लावल्यानंतर चौदाव्या तासाला ‘वजनामुळे होत नाही, तुम्ही जोरही लावत नाही’ असे सुनावून आपल्याला शस्त्रक्रियेसाठी नेले, हेही आपण लिहिले आहे. ते वाचून मला फार वाईट वाटले.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. वजनाबरोबर सिझरचे प्रमाण वाढते एवढेच मी लिहिले; कारण सांगितले नाही, आणि कारण न सांगितलेला आकडा आरोपासारखाच वाटतो. लिव्हरपूलच्या संशोधकांनी 2007 मध्ये सिझरच्या वेळी घेतलेले गर्भाशयाच्या स्नायूचे तुकडे तपासले, तेव्हा स्थूल स्त्रियांचा स्नायू कमी जोराने आणि कमी वेळा आकुंचन पावत असल्याचे दिसले. चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन हे संप्रेरकही प्रयोगशाळेत या आकुंचनाला आवर घालते. शिवाय अमेरिकेतील एक लाखाहून अधिक बाळंतपणांच्या नोंदींत, वजन वाढते तसा गर्भपिशवीचे तोंड उघडायला लागणारा वेळ वाढलेला आढळला. बाळ बाहेर ढकलण्याच्या टप्प्यात मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणजे अडते ते जोर लावण्याची वेळ येण्याच्या आधीच. ‘जोर लावत नाही’ हे वाक्य म्हणूनच क्रूर तर आहेच, शिवाय चुकीचेही आहे.

चौदा तासांबद्दल. आई आणि बाळ दोघेही सुखरूप असतील, तर तोंड सहा सेंटिमीटर उघडेपर्यंतच्या संथ टप्प्याला चोवीस तास किंवा त्याहूनही अधिक द्यावेत, आणि बाळाभोवतीच्या पाण्याची पिशवी फोडल्यानंतर कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनचे सलाइन किमान बारा ते अठरा तास चालल्याशिवाय कळा आणणे फसले असे म्हणू नये, अशी अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनांची 2014 ची शिफारस आहे. आपल्या बाळाचे ठोके त्या वेळी कसे होते हे प्रतिक्रियेत नाही, त्यामुळे त्या निर्णयावर मी मत देत नाही; पण ज्या शरीराला जास्त वेळ लागतो हे ठाऊक आहे, त्यालाच कमी वेळ देणे मला पटत नाही.

दुसऱ्या आक्षेपाशी मी सहमत नाही. आपोआप सुरू झालेल्या कळांशी तुलना केली की आणलेल्या कळा वाईट दिसतात, परंतु दिवस भरलेल्या स्त्रीपुढे खरा पर्याय असतो तो आणखी थांबण्याचा, आणि स्थूल स्त्रीच्या बाबतीत त्या थांबण्यात वाढता रक्तदाब आणि बाळ पोटातच दगावण्याचा वाढीव धोका असतो. अमेरिकेतील 2018 च्या चाचणीत कमी जोखमीच्या पहिलटकरणींना 39 व्या आठवड्यात कळा आणल्यावर सिझरचे प्रमाण 18.6 टक्के होते, तर वाट पाहणाऱ्यांत 22.2 टक्के. ही चाचणी केवळ स्थूल स्त्रियांची नव्हती. तुलना कशाशी करावी हे मात्र तिने नीट दाखवले. थेट सिझर हा सोपा मार्गही नव्हे, कारण जखम चिघळणे आणि पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होणे हे दोन्ही धोके जास्त वजनात वाढतात.

नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या 602 स्त्रियांवर झालेली, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणीही लेखात यायला हवी होती. तिच्यात कळा आणण्यासाठी मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या गोळ्या घेतलेल्यांपैकी 57 टक्के स्त्रिया चोवीस तासांत नैसर्गिकरीत्या बाळंत झाल्या, फोली कॅथेटरचा (गर्भपिशवीचे तोंड उघडण्यासाठी आत फुगवायच्या नळीचा) फुगा लावलेल्यांपैकी 47 टक्के. केवळ वजनावर बोट ठेवण्याआधी कळा कोणत्या पद्धतीने आणल्या, हेही विचारायला हवे.

दुसऱ्या बाळाचा विचार असल्याचे आपण लिहिले आहे. तेव्हा मागच्या वेळचे केसपेपर मागून घ्या. तोंड किती सेंटिमीटर उघडले होते, सलाइन किती तास चालले आणि सिझरचे कारण काय नोंदवले आहे, हे नव्या डॉक्टरांना दाखवा. गर्भाशयावर सिझरचा टाका असल्याने कळा आणण्यासाठी मिसोप्रोस्टॉल आता आपल्यासाठी वर्ज्य आहे, हेही त्यांच्याशी आधीच बोलून घ्या.