फिग्मा फाइल आहे, मग स्पेसिफिकेशन कशाला? या फॉरवर्डला उत्तर

इंदूरच्या आयटीतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर एक संदेश सारखा फिरतो. मजकूर थोडक्यात असा: ‘डिझाइन फिग्मात आहे, कंपोनंट मटेरियलचे आहेत, उरलेलं एआय लिहितो. यूआय स्पेसिफिकेशन आणि स्टाइल गाइड म्हणजे वेळेची नासाडी. अजाइलमध्ये डॉक्युमेंट नसतंच. लिहिलं तरी महिन्याभरात शिळं होतं. आणि आठ-दहा जणांच्या टीमला ते हवंय कशाला?’ (फिग्मा हे स्क्रीनचं डिझाइन काढायचं साधन, मटेरियल हा गूगलचा तयार बटणं-चौकटींचा संच, अजाइल ही छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवायची पद्धत. यूआय स्पेसिफिकेशन म्हणजे स्क्रीन कसा दिसावा-वागावा याचं लेखी वर्णन, स्टाइल गाइड म्हणजे रंग-अक्षरं-मापांचे नियम.) एकेक मुद्दा घेऊ.

‘डिझाइन फिग्मात आहे.’

आहे, पण फिग्मात बहुधा सगळं सुरळीत चाललेला स्क्रीन असतो. २०२३मध्ये डेव्हलपरांसाठीचा डेव्ह मोड आला, रंग-मापं नावाने साठवणारी व्हेरिएबल्स आली. मापं आणि रंग उचलणं सोपं झालं. वागणूक मात्र कुणीतरी लिहावीच लागते.

इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीतल्या एखाद्या नमकीनवाल्याचं ऑर्डर-अॅप धरा. हिंदी, मराठी, इंग्रजी तिन्ही भाषांत. त्यातली मोबाइल नंबरची एकच चौकट बघा. चित्रात दहा आकडे छान बसलेले दिसतात. ग्राहक मराठी कीबोर्डवरून ‘९८…’ असे देवनागरी आकडे टाकतो. अॅपमधल्या जावास्क्रिप्टच्या रेगेक्समधला (मजकूर तपासायच्या नमुन्यातला) ‘\डी’ (‘कोणताही आकडा’ ही खूण) फक्त रोमन शून्य ते नऊ ओळखतो, म्हणून अॅप म्हणतं ‘नंबर चुकीचा’. सर्व्हरवर पायथन ३ असेल तर तिथला ‘\डी’ देवनागरी आकडेही मान्य करतो. म्हणजे एकच नंबर पुढच्या दाराने नापास आणि मागच्या दाराने पास. टेस्टर बग टाकतो, दोन्ही डेव्हलपर ‘आमच्याकडे बरोबर आहे’ म्हणतात आणि दोघंही खोटं बोलत नसतात.

स्पेसिफिकेशनमध्ये या चौकटीला सहा ओळी पुरतात. देवनागरी आकडे आधी रोमन करा. मोकळ्या जागा, सुरुवातीचं +९१ किंवा शून्य काढा, मग दहा आकडे मोजा. तपासणी चौकट सोडल्यावर करा, प्रत्येक अक्षराला नको. चूक चौकटीच्या खाली शब्दांत दाखवा, नुसती लाल कड पुरेशी नाही. संदेशाचा नेमका मजकूर तिन्ही भाषांत द्या. ग्राहकाने दुरुस्ती करताच संदेश कधी जातो तेही लिहा.

‘ऑर्डर करा’ बटणाचंही तेच. साधी, फोकस, दाबलेली, बंद, लोडिंग आणि अयशस्वी या सहाही अवस्था लिहिलेल्या हव्यात. लोडिंगची अवस्था सुटली की नेट मंद असताना ग्राहक दोनदा दाबतो आणि पाव किलो लसूण शेव दोनदा निघते. बटण लगेच बंद करायचं हे यूआयच्या स्पेसिफिकेशनमध्ये, आणि दोन्ही विनंत्यांना एकच ओळख-क्रमांक हे एपीआयच्या (अॅप आणि सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीच्या). एक लिहून दुसरं सोडलं तर घोळ अर्धाच मिटतो.

‘कंपोनंट मटेरियलचे आहेत.’

मटेरियल बटण देतं. एका स्क्रीनवर भरीव बटणं किती, रद्द डावीकडे की उजवीकडे, हे तुम्हीच ठरवायचं. शिवाय तयार किटांचं डिझाइन बहुतेक लॅटिन अक्षरं समोर ठेवून होतं. रोबोटोमध्ये देवनागरी नाही. त्यामुळे अँड्रॉइडवर नोटो येतो, विंडोजवर निर्मला यूआय, आणि एकाच शीर्षकाची जाडी-उंची दोन तऱ्हेची दिसते. म्हणून स्टाइल गाइडमध्ये देवनागरी फाँट नाव घेऊन लिहा आणि वेब-फाँट म्हणून सोबत द्या.

मापांत १६ पिक्सेलला ओळ-उंची १.५ धरा, म्हणजे २४. वर-खाली १२-१२ पॅडिंग आणि बटणाची किमान उंची ४८. अँड्रॉइडची शिफारस ४८ डीपीची आहेच, अॅपल ४४ पॉइंट सांगतं. उंची ‘किमान’ ठेवा, ठरावीक नको. ४० पिक्सेलच्या बंद चौकटीत १.२ ओळ-उंचीने बसवलेली दोन ओळींची लेबलं वेलांटी-उकारांपाशी कापली जातात. अक्षरांतलं अंतर वाढवणारी सेटिंग देवनागरीला लावू नका, शिरोरेषा तुटते.

इंदुरात हमखास होणारी चूक वेगळीच आहे. हिंदी स्क्रीनची नक्कल करून मराठी स्क्रीन बनते आणि पानाची भाषा सांगणारा लँग अॅट्रिब्यूट ‘एचआय’च (हिंदी) राहतो. फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असूनही ते उमटत नाहीत. तो ‘एमआर’ (मराठी) करा. आकड्यांचीही खोच आहे: जावास्क्रिप्टच्या नंबरफॉरमॅटला (आकडे दाखवायच्या सोयीला) ‘एमआर-आयएन’ दिलं की आकडे आपोआप देवनागरी होतात, ‘एचआय-आयएन’ला रोमन राहतात. दोन्हीकडे एकसारखं बिल हवं असेल तर अंकपद्धती स्पष्ट सांगावी लागते. कोणती, हा निर्णय स्टाइल गाइडचा.

‘उरलेलं एआय लिहितो.’

लिहितो, आणि जे सांगितलं नाही ते अंदाजाने भरतो. आज एका स्क्रीनला कडा ८ पिक्सेल गोल, उद्या दुसऱ्याला १२. टोकनांची (रंग-मापांना दिलेल्या नावांची) यादी आणि अवस्थांचा तक्ता सोबत दिला तर त्याचं काम बरंच सुधारतं. म्हणजे स्पेसिफिकेशनची गरज वाढलीच.

‘अजाइलमध्ये डॉक्युमेंट नसतंच.’

२००१च्या जाहीरनाम्यात चालतं सॉफ्टवेअर भल्यामोठ्या दस्तऐवजांपेक्षा मोलाचं मानलं आहे. त्याच पानावर खाली म्हटलंय की दुसऱ्या बाजूच्या गोष्टींनाही, म्हणजे दस्तऐवजांनाही, मोल आहे. तेवढं वाचायला फॉरवर्ड करणाऱ्यांना सवड झालेली दिसत नाही.

‘महिन्याभरात शिळं होतं.’

हा आक्षेप अर्धा खरा आहे. शेअर्ड ड्राइव्हवरची ऐंशी पानी वर्ड फाइल शिळी होतेच आणि ती कुणी उघडतही नाही. साध्या मजकुराची मार्कडाउन फाइल कोडच्याच रेपोत (कोड साठवायच्या जागी) ठेवा. रंग, अंतरं, अक्षरमापं जेसन नावाच्या डेटा-फाइलीत टोकनं म्हणून ठेवा आणि स्टाइल डिक्शनरीसारख्या साधनाने त्यातूनच सीएसएस, अँड्रॉइड, आयओएसच्या फाइली काढा. टोकनाचं नाव कामावरून द्या: ‘लाल-५००’ नको, ‘चूक-मजकूर’ हवं, ब्रँडचा रंग बदलला तरी नाव टिकतं. सीएसएस तपासणाऱ्या स्टाइललिंटमधला कलर-नो-हेक्स नियम चालू केला की थेट लिहिलेला हेक्स (#ने सुरू होणारा रंगाचा कोड) बिल्डमध्येच अडतो. वागणूक बदलणारी पुल रिक्वेस्ट (कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव) स्पेसिफिकेशनची ओळ बदलल्याशिवाय मर्ज करू नका.

रंगांच्या टोकनांशेजारी कॉन्ट्रास्टचा (मजकूर आणि पार्श्वभूमीतल्या फरकाचा) आकडा लिहून ठेवा. साध्या मजकुराला डब्ल्यूसीएजी ही वेब-सुलभतेची नियमावली ४.५ : १ मागते. पांढऱ्यावर #७७७७७७ हा करडा ४.४८ला नापास होतो, #७६७६७६ पास. डोळ्यांना फरक कळत नाही, म्हणूनच आकडा हवा.

‘आठ-दहा जणांना कशाला?’

इथल्या बऱ्याच टीम बाहेरच्या क्लायंटसाठी काम करतात. क्लायंट अमेरिकेत असेल तर सकाळी अकराला पडलेल्या ‘रिकामी यादी कशी दाखवायची?’ या प्रश्नाचं उत्तर रात्री येतं, आणि तोवर प्रत्येकाने आपापली रिकामी यादी बनवलेली असते. प्रकल्पाच्या मध्यात माणूस सोडून गेला तर विचारायलाही कुणी उरत नाही. छोट्या टीमने सगळं एकदम लिहू नये. आधी टोकनं, मग बटण आणि फॉर्मच्या चौकटींच्या अवस्था, मग चुकांच्या संदेशांचा तक्ता. बाकीचे कंपोनंट पहिल्यांदा वापरात येतील तेव्हा.